जाता जाता दाखवलेला तीळ

रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, चिठ्ठी घडी होऊन खिशात गेली. पेशंट उठतो, दारापर्यंत जातो, कडीला हात घालतो आणि वळून म्हणतो, "डॉक्टर, आलोच आहे तर एक विचारू का? पाठीवर एक तीळ आहे. ही म्हणते, वाढलाय." बाहेर दहा जण ताटकळत बसलेले असतात. अशा वेळी शर्ट काढायला सांगून त्याला उजेडात उभं केलं तर दोन मिनिटं जातात. बसल्या जागेवरून "काही नाही हो, साधा तीळ आहे" म्हटलं तर काहीच जात नाही. पण तो माणूस पुढची दोन वर्षं निर्धास्त राहतो, कारण आता तो तीळ डॉक्टरांना विचारून झालेला असतो. न बघता दिलेला दिलासा हा मला त्वचेच्या कर्करोगाच्या या सगळ्या विषयातला सर्वांत घातक प्रकार वाटतो.

त्या वाक्यातलं "ही म्हणते" फार मोलाचं आहे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. घरातलं कुणी "हा आधी असा नव्हता" म्हणत असेल, तर ती बदलाची नोंद असते, आणि मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगाच्या, बाबतीत बदल हीच सर्वांत मोठी खूण. म्हणून पहिला प्रश्न "दुखतो का?" हा नसावा. बहुतेक मेलॅनोमा सुरुवातीला दुखत नाहीत, आणि "दुखत नाही" या उत्तराने दोघांचीही फसगत होते. विचारायचं ते असं: कधीपासून आहे, काय बदललं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं?

त्वचेबद्दल सगळ्यात जास्त ज्ञान फॅमिली डॉक्टरकडे असतं असं नाही. त्याच्याकडे वेगळी गोष्ट असते. कातडी त्याच्यासमोर दुसऱ्याच कामासाठी उघडी होते. छाती तपासताना पाठ दिसते. रक्तदाबाचा पट्टा बांधताना दंड दिसतो. कान तपासताना पाळीची वरची कड दिसते, जिथे टोपी पोचत नाही आणि आयुष्यभराचं ऊन साचतं. मधुमेह्याचे पाय बघताना तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं दिसतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे माणूस डागाची शंका आल्यावर जातो, इथे शंका येण्याआधीच डाग नजरेखालून जात असतो. फक्त नजर तिथे थांबायला हवी.

त्वचेचे कर्करोग मुख्यतः तीन. बेसल सेल कार्सिनोमा सावकाश वाढतो आणि लांब पसरणं अगदी क्वचित. पण नाकाच्या कडेला किंवा डोळ्याच्या कोपऱ्याशी वर्षानुवर्षं राहिला तर खालचं मांस, कूर्चा, हाडसुद्धा कुरतडतो. गोऱ्या त्वचेत त्याची कड मोत्यासारखी चकाकते. सावळ्या त्वचेत तो बरेचदा काळपट असतो आणि तीळ म्हणून खपून जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा खरखरीत, टणक, खपली धरणारा असतो आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचू शकतो. तिसरा मेलॅनोमा. तो संख्येने कमी, पण जीव घेण्यात सर्वांत पुढे. त्याचं भवितव्य खोलीवर ठरतं. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही जाडी मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत मांडली आणि आजही उपचाराचा बराचसा निर्णय त्या आकड्यावरच होतो. १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढला तर बहुतेक माणसं बरी होतात. ४ मिलिमीटरच्या पुढे गोष्ट फार बदलते. दारात विचारलेल्या प्रश्नाला "पुढच्या वेळी बघू" म्हणण्याची किंमत याच मिलिमीटरांत मोजली जाते.

"काळ्यासावळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होत नाही" हा समज पेशंटमध्ये आहेच, डॉक्टरांमध्येही आहे. प्रमाण बरंच कमी असतं हे खरं. पण झाला तर तो उशिरा सापडतो, कारण कुणी शोधत नसतं, आणि शोधलं तरी पुस्तकातल्या चित्रासारखा तो चेहऱ्यावर किंवा पाठीवर शोधला जातो. गडद त्वचेतला मेलॅनोमा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं. त्याआधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते गेले. "ठेच लागली असेल" हे वाक्य आजही दवाखान्यांत रोज बोललं जातं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणूनच त्याची शहानिशा कशी करायची हे नीट माहीत असायला हवं.

नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं किंवा त्याहूनही हळू. म्हणून पहिल्याच भेटीत नखाच्या मुळापासून काळ्या डागाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजायचं, तारीख घालून लिहायचं, फोटो काढायचा. हाताच्या नखाला चार आठवड्यांनी, पायाच्या नखाला सहा ते आठ आठवड्यांनी परत मोजायचं. रक्त असेल तर डागाच्या मागे स्वच्छ नख आलेलं दिसतं. डाग मुळाशीच चिकटून असेल, किंवा मुळापासून टोकापर्यंत उभी पट्टी असेल, तर ते रक्त नव्हे. गडद त्वचेच्या माणसांत अशा पट्ट्या अनेक नखांवर असणं नेहमीचं आहे, वयाबरोबर त्या वाढतातही, त्यामुळे प्रत्येक पट्टीला घाबरायचं कारण नाही. काळजी करायची ती एकट्या पट्टीची: एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, उतारवयात नव्याने आलेली, ३ मिलिमीटरहून रुंद, कडा पुसट, मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद. मुळाशी रुंद म्हणजे ती अजून पसरते आहे. आज टोकाला असलेलं नख काही महिन्यांपूर्वी मुळाशी तयार झालं तेव्हा ती बारीक होती, इतकी साधी वाचनपद्धत आहे ती. रंग नखाच्या मुळाशेजारच्या कातडीवर उतरला असेल तर थांबायचंच नाही. जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण दिसली की त्याच दिवशी चिठ्ठी लिहायची. नखाची बायोप्सी मात्र फॅमिली डॉक्टरने करू नये. तुकडा नखाच्या मुळाखालच्या पेशींमधून घ्यावा लागतो. नखाचं टोक कापून पाठवलं तर त्यातून रोग आहे की नाही याचं उत्तर मिळत नाही.

तळपायाची अडचण वेगळी. तिथे सगळंच कुरूप किंवा चामखीळ ठरतं. महिनोन्‌महिने कॉर्नची पट्टी लावली जाते, वरचेवर खरवडलं जातं. खरवडण्यातूनही थोडं कळतं. ब्लेडने वरचा थर अलगद काढला की कुरुपात मध्ये काचेसारखा घट्ट गाभा दिसतो आणि कातडीच्या रेषा शाबूत असतात. चामखिळीत रेषा तुटतात, बारीक काळे ठिपके दिसतात, टिपक्याटिपक्याने रक्त येतं. टाचेवर घर्षणाने साकळलेलं रक्त असेल तर तो काळेपणा खरवडण्याबरोबर निघूनच येतो. यांपैकी काहीच जुळत नसेल, किंवा दोन-तीन महिन्यांच्या उपचारांनी फरक नसेल, तर ते कुरूप नाही असं धरून चालावं. डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं उपकरण, हाताशी असेल तर तळव्यावर तो फार उपयोगी पडतो. तळव्याच्या कातडीला नांगरलेल्या शेतासारखे उंचवटे आणि सऱ्या असतात. रंग सऱ्यांत असेल तर बहुधा साधा तीळ. रंग उंचवट्यांवर, जिथे घामाची छिद्रं असतात तिथे, जाड पट्ट्यांसारखा असेल, तर मेलॅनोमाची शंका. मधुमेह्याच्या तळव्यावरची न भरणारी जखम हा आणखी एक सापळा. साखरेच्या नावाखाली काहीही खपतं. ड्रेसिंग चालू असताना कडेला काळसर छटा दिसली, किंवा सगळं नीट करूनही जखम भरत नसली, तर तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. मेलॅनोमा गुलाबी, रंगहीनही असू शकतो, हे तळव्यावर विशेष लक्षात ठेवावं.

गडद त्वचेत कर्करोगाचा दुसरा नेहमीचा रस्ता जुन्या वणांचा. लहानपणी भाजलेलं, वर्षानुवर्षं वाहणारी हाडाची जखम, पायावरचा कधीच पुरता न भरलेला व्रण. ज्याँ-निकोला मार्जोलँ यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून तो मार्जोलिन व्रण. भाजणं आणि कर्करोग यांत सरासरी तीस वर्षांचं अंतर असतं. एवढ्या काळात माणूस वणाला इतका सरावतो की त्यातला बदल त्याला बदल वाटत नाही. वर्षानुवर्षं शांत असलेल्या वणावर नवी जखम, उलटलेली जाड कड, फुलकोबीसारखं वाढतं मांस, सहज येणारं रक्त, दुर्गंधी, नव्याने सुरू झालेलं दुखणं. यांतलं एक जरी असेल तरी बायोप्सी, आणि तीही एका जागेवरून नव्हे. कडेच्या चार-पाच ठिकाणांहून, पुरेशी खोल. मधल्या सडक्या भागातून घेतलेला तुकडा "फक्त दाह" असा रिपोर्ट घेऊन येतो आणि आणखी सहा महिने वाया जातात. जो डॉक्टर त्या माणसाच्या पायाला दहा वर्षं पट्टी करतोय त्यालाच हा बदल दिसू शकतो. दर वेळी नवा डॉक्टर असेल तर त्याला तो फक्त एक जुना व्रण दिसतो.

आता बघण्याची रीत. उजेड चांगला हवा, दिवसाचा असला तर उत्तम. कपडे अंतर्वस्त्रांपर्यंत उतरवायचे. पेशंटची परवानगी घेऊन आणि संकोच वाटत असेल तर सोबतीला कुणी ठेवून. टाळूपासून सुरुवात, केस कंगव्याने विंचरत. मग कानांच्या मागे, चेहरा, खालचा ओठ, मान, छाती, हात, तळहात, बोटांच्या फटी, पाठ, कंबर, मांड्यांची मागची बाजू, पोटऱ्या, तळवे, नखं. मोजे काढायला लावायचे. हा टप्पा हमखास गळतो, आणि नखांवरचं रंगपॉलिशही तसंच राहून जातं. सराव झाला की याला पाच मिनिटं पुरतात. प्रत्येकाची प्रत्येक भेटीत अशी तपासणी शक्य नाही, गरजेचीही नाही. पण कुणाची करायची हे ठरवता येतं. त्वचेचा कर्करोग आधी झालेला माणूस, आईवडिलांना किंवा भावंडांना मेलॅनोमा झालेला, अंगभर तीळ असलेला, त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नसलेला, प्रत्यारोपण झालेला, आयुष्यभर उन्हात राबलेला. तिळांचा अंदाज घ्यायला एक सोपी मोजणी आहे. उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत अकराहून अधिक तीळ असतील तर अंगावर मिळून शंभराहून जास्त असण्याची शक्यता बळावते. आणि तीळ जितके जास्त, तितकी मेलॅनोमाची जोखीम जास्त.

तिळासाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये ए-बी-सी-डी ही इंग्रजी आद्याक्षरांची खूणगाठ दिली. दोन अर्धे असमान, कडा फाटकी, रंग एकाहून अधिक, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा मोठा. २००४ मध्ये त्यात ई जोडलं गेलं, म्हणजे बदल. पाचांतलं हे शेवटचंच मला सर्वांत कामाचं वाटतं. कारण सर्वांत झपाट्याने वाढणारा मेलॅनोमा पहिल्या चारांना दाद देत नाही. तो लहान, गोल, एकरंगी, कधी लालसर गाठीसारखा असतो. त्याच्यासाठी तीन शब्द पुरतात: उंच, टणक, वाढता. असं काही महिनाभर टिकून वाढत असेल तर अक्षरं मोजत बसू नये. आणखी एक युक्ती नजरेला पटकन जमते. एका माणसाचे तीळ साधारण एकमेकांसारखे असतात, एकाच घरातल्या भावंडांसारखे. त्यांत जो कुणासारखाच दिसत नाही, त्याच्यापाशी थांबायचं.

ब्रिटनमध्ये सामान्य डॉक्टरांसाठी सात मुद्द्यांची गुणपद्धत वापरतात. आकारमान बदलणं, आकार वेडावाकडा, रंग विषम, या तिन्हींना प्रत्येकी २ गुण. ७ मिलिमीटर किंवा अधिक व्यास, दाह, स्राव, खाज किंवा संवेदनेतला बदल, यांना प्रत्येकी १. बेरीज ३ झाली की तातडीने पुढे पाठवायचं. अशा बेरजेचा खरा फायदा असा की ती डॉक्टरला स्वतःच्या "मला तरी साधाच वाटतो" या भावनेपासून वाचवते. डर्मोस्कोप हे दहापट मोठं दाखवणारं, उजेडाची चकाकी मारणारं छोटं उपकरण. शिकून वापरलं तर निदान सुधारतं. न शिकता वापरलं तर फक्त खोटा आत्मविश्वास वाढतो.

आता चुका. त्या सांगायला हव्यात, कारण त्यांतल्या बहुतेक चांगल्या हेतूनेच होतात.

पहिली आणि सर्वांत वाईट म्हणजे जाळून टाकणं. तीळ नको वाटतो, कपड्याला घासतो, चेहऱ्यावर वाईट दिसतो, म्हणून कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने, किंवा थंड नायट्रोजनने दोन मिनिटांत उडवला जातो. तो साधा असेल तर काही बिघडत नाही. मेलॅनोमा असेल तर वरचा भाग जातो, खालचा राहतो, तपासायला काही उरत नाही आणि जाडीचा तो आकडा कायमचा हरवतो. वणातून पुन्हा उगवलेला रंग मग पॅथॉलॉजिस्टलाही चकवतो, कारण साधा तीळ अर्धवट काढल्यावर परत येतानाही असाच विचित्र दिसतो. ज्या काळ्या डागाचं निदान पक्कं नाही तो जाळायचा नाही. आणि शरीरातून कापून काढलेली प्रत्येक गोष्ट प्रयोगशाळेत जाते, "नक्की साधा आहे" असं वाटलं तरी.

दुसरी चूक वरवर खरवडून काढणं. मेलॅनोमाची शंका असलेला डाग अख्खा काढायचा, भोवती साधारण २ मिलिमीटर निरोगी कातडी आणि खाली चरबीचा थर घेऊन. हातापायावर छेद लांबीच्या दिशेने द्यायचा, म्हणजे पुढे मोठी शस्त्रक्रिया लागली तर जखम सहज मिटवता येते. कड सुरुवातीलाच जास्त घ्यायची नाही. ती जाडी कळल्यानंतर, दुसऱ्या वेळी ठरते. १ मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरच्या पुढे २ सेंटिमीटर. छेदाची खूण भूल देण्याआधी पेनाने करावी, सुई टोचल्यावर कातडी फुगते आणि कड कळेनाशी होते. हे काम कोणी करायचं याबद्दल देशोदेशी फरक आहे. ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टर अशा शस्त्रक्रिया नेहमी करतात. ब्रिटनमध्ये मेलॅनोमाची शंका असलेला डाग दवाखान्यात न कापता तज्ज्ञाकडे पाठवायचा असतो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने दुसरा मार्ग धरावा, त्यात कमीपणा नाही.

तुकडा काढल्यावरची शिस्तही तितकीच महत्त्वाची. १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दसपट. दोन डाग, दोन बरण्या. नाव बरणीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलली जातात. फॉर्मवर जागा, बाजू, आकार, किती दिवसांपासून, काय बदल झाला आणि कसली शंका आहे ते लिहायचं. नुसतं "तीळ" लिहून पाठवलं तर पॅथॉलॉजिस्टलाही तो तीळच दिसण्याची शक्यता वाढते. आणि एक वही, ज्यात पाठवल्याची तारीख आणि रिपोर्ट आल्याची तारीख शेजारी शेजारी. रिपोर्ट आला, फाइलमध्ये गेला, पेशंटला कुणी कळवलंच नाही, असं सगळीकडे घडतं.

तिसरी चूक मलमाची. चेहऱ्यावर किंवा पोटरीवर एक लालसर, खरखरीत चट्टा. बुरशी, इसब, सोरायसिस यांपैकी काहीतरी म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं मलम. थोडं बरं वाटतं, परत येतं, दुसरं मलम. एकच चट्टा, एकाच जागी, दोन मलमांनंतरही तसाच असेल, तर तो त्वचेच्या वरच्या थरातला कर्करोग असू शकतो आणि ४ मिलिमीटरच्या पंच बायोप्सीने, म्हणजे गोल पात्याने काढलेल्या छोट्या तुकड्याने, उत्तर मिळतं. उन्हाने खरबडलेल्या गोऱ्या कातडीवरचे, कर्करोगाच्या आधीच्या पायरीचे छोटे खवले डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात, पॉलिशपेपरवरून बोट फिरवल्यासारखे. त्यांच्यासाठी ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल मलम दिवसातून दोनदा तीन-चार आठवडे देतात. त्या काळात चेहरा लालभडक होतो, सोलतो, आग होते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट आठव्या दिवशी मलम बंद करतो आणि डॉक्टरही.

औषधांची यादी वाचणं हे तर फॅमिली डॉक्टरचंच काम. प्रत्यारोपणानंतरच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी स्क्वॅमस कार्सिनोमाची जोखीम कित्येक पटींनी वाढते. एरवी गोऱ्या त्वचेत बेसल सेलचं पारडं जड असतं, या माणसांत ते उलटतं. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाचं क्रिएटिनिन दर महिन्याला तपासलं जातं आणि कातडी वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, असं होऊ नये. वर्षातून एकदा पूर्ण तपासणी, आधी एखादा कर्करोग होऊन गेला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायाझाइडही असंच. डेन्मार्कमधल्या २०१७च्या अभ्यासात एकूण ५०,००० मिलिग्रॅमहून अधिक घेतलेल्यांत स्क्वॅमस कार्सिनोमाची जोखीम जवळजवळ चौपट दिसली, आणि २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने इशारा दिला. रोज २५ मिलिग्रॅमने हा आकडा साडेपाच वर्षांत गाठला जातो. याचा अर्थ सगळ्यांची गोळी उद्या बंद करायची असा नाही, रक्तदाब सुटला तर तोटा मोठा. पण ज्याला एकदा त्वचेचा कर्करोग झालाय, किंवा ज्याची त्वचा गोरी आणि काम उन्हात आहे, त्याची गोळी बदलायचा विचार करावा. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात आर्सेनिक असलेल्या प्रदेशात तळहातांवर बारीक टणक गाठी आणि अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग दिसले, तर कातडी आणि पाणी, दोन्ही तपासायला सांगावं.

उन्हाबद्दलचा सल्ला सगळ्यांना एकच देण्याची सवय सोडायला हवी. तळव्यावरच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. गडद त्वचेच्या माणसाला सनस्क्रीनचा आग्रह करून तळवे न बघता पाठवणं ही चुकीच्या जागी केलेली मेहनत आहे. गोऱ्या त्वचेच्या, त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसांसाठी मात्र ऊन टाळणं हाच मुख्य उपाय, आणि त्याचा पुरावाही भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर गावात १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीने. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस कार्सिनोमा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. बेसल सेलमध्ये ठळक फरक पडला नाही. प्रयोग संपल्यावर दहा वर्षांनी मोजलं तेव्हा रोज लावणाऱ्यांत ११ मेलॅनोमा होते, बाकीच्यांत २२.

पण लावायचं किती? बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे संरक्षणाचा आकडा, चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीवर मोजलेला असतो. लोक त्याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि संरक्षण झपाट्याने घसरतं. सात चमचे हे माप सांगायला सोपं: चेहरा, कान आणि मान मिळून एक, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, पुढे एक, पाठीला एक. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी, घाम आला किंवा पोहून आलं की पुन्हा. एसपीएफ ३० नीट लावलं तर त्वचा भाजवणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० लावलं तर ९८. फरक एवढाच, त्यामुळे महागडं ५० जपून जपून लावण्यापेक्षा ३० भरपूर लावलेलं बरं. आणि या सगळ्याआधी कपडा. घट्ट विणीची लांब बाही आणि भोवती काठ असलेली टोपी मलमासारखी पुन्हा पुन्हा लावायची आठवण न ठेवताही काम करते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे. अतिनील निर्देशांक ३ किंवा जास्त असेल तेव्हा काळजी घ्यायची. तो आकडा हाताशी नसला तर सावली बघावी, ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे. विरळ ढगांनी फसू नये, त्यांतून बरेचसे किरण खाली येतात. बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत परततात. कृत्रिम उजेडाने त्वचा रापवणाऱ्या यंत्रांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये तंबाखूच्याच गटात घातलं. त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी आणली.

उन्हात काम करणाऱ्यांना "दुपारी बाहेर पडू नका" सांगणं निरुपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये मेलॅनोमा वगळता इतर त्वचा-कर्करोगांच्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक उन्हातल्या कामामुळे होता, सुमारे १९,०००. त्या माणसाला टोपी कुठली, बाही कशी, जेवणाची सुट्टी सावलीत कशी घ्यायची हे सांगावं, आणि कान, खालचा ओठ व हाताची पाठ दर भेटीत बघावी.

नायकोटिनामाइडबद्दल, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाबद्दल, पेशंट विचारतात. २०१५च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ३८६ जणांना, ज्यांना पूर्वी किमान दोन त्वचा-कर्करोग झाले होते, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्यावर वर्षभरात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. गोळी थांबवल्यावर फायदाही थांबला. ज्याला कधीच काही झालं नाही त्याच्यासाठी हे नाही. आणि औषधाच्या दुकानातून चुकून नायसिन, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाचं दुसरं रूप, आणलं तर अंग लाल होऊन आग होते, म्हणून नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं.

मग सगळ्यांचीच कातडी दर वर्षी तपासावी का? जर्मनीने हा मार्ग धरला. श्लेसविग-होल्स्टाइन प्रांतात २००३-०४ मध्ये सुमारे ३,६०,००० लोक तपासले गेले आणि मेलॅनोमाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचं दिसलं. २००८पासून देशभर ३५ वर्षांवरच्यांना दर दोन वर्षांनी तपासणी मिळू लागली, त्यात आठ तासांचं प्रशिक्षण घेतलेले फॅमिली डॉक्टरही आले. पण पुढच्या वर्षांत त्या प्रांतातले मृत्यू पुन्हा जुन्या पातळीवर गेले आणि देशभर अपेक्षित घट दिसली नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०२३ मध्ये सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. सरसकट शोधात असे अनेक पातळ डाग सापडतात जे कधीच त्रास देणार नव्हते, आणि त्यांच्यामागे टाके, वण आणि धास्ती येते. माझं मत असं की फॅमिली डॉक्टरने मोहीम काढू नये. जोखमीची माणसं नावानिशी ओळखावीत, त्यांना पूर्ण बघावं, आणि बाकीच्यांची जी कातडी आपसूक समोर येते ती डोळसपणे बघावी.

बघून झाल्यावर दोनच गोष्टी शक्य असतात. शंका असेल तर चिठ्ठी. त्यात "तीळ, मत द्यावे" असं न लिहिता जागा, आकार मिलिमीटरमध्ये, बदलाचा कालावधी, गुणांची बेरीज आणि "मेलॅनोमाची शंका, दोन आठवड्यांच्या आत बघावे" असं लिहावं, आणि शक्य झालं तर फोन करावा. शंका थोडीच असेल तर दोन फोटो, एक लांबून म्हणजे जागा कळेल, एक जवळून शेजारी पट्टी धरून, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख. नखांचं वेगळं, ती वर सांगितल्याप्रमाणे लवकर बघायची. उंच, टणक, वाढत्या गाठीला मात्र ही मुभा नाही, ती लगेच पाठवायची. पेशंटला जाताना एवढं सांगायचं, "तीन महिन्यांनी या, पण त्याआधी वाढला, रक्त आलं, रंग बदलला तर त्याच दिवशी या." तो तारखेला आला नाही तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन जायला हवा. आला की जुना फोटो पडद्यावर काढायचा, पट्टी पुन्हा शेजारी धरायची आणि मोजायचं.